उघडलेल्या पेटीचा भार : विद्युत्-उपकरणांच्या परतीचे नियम आणि पालघर-बोईसरचा किरकोळ व्यापार

मराठी व्यापारी व्यवहारात ‘जांगड’ हा शब्द जुना आहे. माल पसंतीवर न्यावयाचा, पसंत पडल्यास किंमत चुकती करावयाची, न पडल्यास तो होता तसा परत करावयाचा, असा हा रिवाज. कापडबाजारात आणि सराफकट्ट्यावर तो वहीच्या एका नोंदीवर चालत असे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या चोविसाव्या कलमाने हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत बांधले. पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी ग्राहकाने पसंती कळविल्यावर त्याच्याकडे जाते. नकार न कळविता ठरलेल्या मुदतीपलीकडे, अथवा मुदत ठरली नसल्यास वाजवी काळापलीकडे, त्याने माल ठेवून घेतला तरीही ती त्याच्याकडेच जाते. या रिवाजाच्या मुळाशी एक साधी वस्तुस्थिती होती. शालू उलगडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली, तर त्याचे मोल सहसा उतरत नाही. बांगडी हातात घालून काढली, तरी सोन्याचे वजन तेवढेच राहते.

टीव्ही, मोबाईल, संगणक, धुलाईयंत्र या वस्तूंना हे लागू पडत नाही. त्यांची पेटी उघडली की त्या ‘नव्या’ राहत नाहीत. वस्तू निर्दोष असो वा सदोष, उघडलेल्या पेटीची किंमत आणि सीलबंद पेटीची किंमत यांत तत्क्षणी अंतर पडते. हे अंतर कोणी सोसावयाचे, हा परतीच्या नियमाचा मूळ प्रश्न होय. ‘सात दिवसांत बदलून मिळेल’, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘तक्रारीसाठी कंपनीच्या सेवाकेंद्राशी संपर्क साधावा’ ही पावतीवरील वाक्ये त्या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

या प्रश्नाचे स्वरूप पाहण्यास पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा सोयीचा आहे. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राची पहिली दोन संयंत्रे १९६९ मध्ये सुरू झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे बोईसरलगत तारापूर औद्योगिक क्षेत्र विकसित केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हे नव्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले. रेल्वेमार्गावर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे एकच स्थानक असल्याने दोन्ही पेठा एकमेकींना लागून आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्यांच्याकडे येणारा ग्राहक एकजिनसी नाही. वसाहतींत राहणारा, कायम नोकरीतला कर्मचारी एका बाजूस. औद्योगिक क्षेत्रात ठेकेदाराकडे काम करणारा, बहुधा परप्रांतातून आलेला कामगार दुसऱ्या बाजूस. यांखेरीज सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर येथील मच्छीमार कुटुंबे आहेत, आणि पूर्वेकडे विक्रमगड, जव्हार, मोखाड्यापर्यंत पसरलेले आदिवासी पाडे आहेत. पावतीवरील नियम या सर्वांना अक्षरशः सारखाच असतो. त्याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही.

प्रथम दुकानदाराच्या बाजूचे गणित पाहिले पाहिजे. कारण परतीचा कडक नियम हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब घेता येईल. एका टीव्हीची विक्रीकिंमत ३०,००० रुपये आणि दुकानदाराची खरेदी २८,५०० रुपये धरल्यास दर नगामागे १,५०० रुपये सुटतात. परतीची सोय नसताना हंगामात १०० नग खपतात असे मानले, तर नफा १,५०,००० रुपये होतो. आता दुकानदाराने ‘आवडला नाही तर पैसे परत’ असे जाहीर केले. त्यामुळे विश्वास वाढून ११० नग खपले. त्यांपैकी ६ परत आले आणि १०४ ग्राहकांकडे राहिले. राहिलेल्या नगांवरील नफा १,५६,००० रुपये. परत आलेला प्रत्येक नग उघडलेल्या पेटीतला म्हणून २५,००० रुपयांस विकावा लागला, तर खरेदीच्या मानाने ३,५०० रुपयांची खोट येते. हमाली, वाहतूक आणि नव्याने बांधणी यांसाठी आणखी ५०० रुपये धरावेत. सहा नगांचे २४,००० रुपये वजा जाता हाती १,३२,००० रुपये राहतात. खप वाढूनही नफा घटला. एक नग परत आला की जवळजवळ पावणेतीन नगांच्या विक्रीचा नफा त्यात बुडतो.

याच हिशेबात एकच गोष्ट बदलून पाहावी. परत आलेला नग उत्पादक कंपनी पूर्ण किमतीस परत घेते आणि दुकानदाराकडे केवळ ५०० रुपयांचा खर्च राहतो, असे मानले, तर नफा १,५३,००० रुपये होतो आणि उदार नियम किफायतशीर ठरतो. दर परत नगामागे दुकानदारावर पडणारा बोजा १,००० रुपयांच्या आत राहिला तर सवलत द्यावी, त्यापलीकडे गेला तर देऊ नये, अशी येथे सीमारेषा निघते. आकडे काल्पनिक असले, तरी निष्कर्ष त्यांच्यावर अवलंबून नाही. किरकोळ दुकानदाराचा परतीचा नियम त्याच्या औदार्यावरून ठरत नसून, त्याच्याकडून वरच्या पायरीवरील मंडळी काय परत घेतात यावरून ठरतो. दुकानाच्या भिंतीवर लावलेला फलक हा बहुतांशी वितरकाशी आणि कंपनीशी झालेल्या कराराचा पडसाद असतो.

हा करार व्यवहारात कसा चालतो, ते मोबाईलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नवा मोबाईल पेटीतून काढून चालू केला की त्याच्या ओळख-क्रमांकाची नोंद कंपनीकडे होते आणि हमीची मुदत सुरू होते. त्या क्षणी तो नग कंपनीच्या दृष्टीने ‘विकला गेलेला’ असतो. दुकानदारास मिळावयाची योजनांची रक्कमही पुष्कळदा याच नोंदीवर अवलंबून असते. असा नग वितरक परत घेत नाही. अपवाद एकच, आणि तो ‘डीओए’ या नावाने व्यापारात प्रसिद्ध आहे. पेटीतून निघालेली वस्तू प्रारंभीच्या थोड्या दिवसांतच बंद पडली, तर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राने तपासून तसा दाखला द्यावयाचा. त्या दाखल्यावर दुकानदाराने ग्राहकास नवी वस्तू द्यावयाची आणि वितरकाकडून तिची भरपाई घ्यावयाची. दाखल्यावाचून दुकानदाराने वस्तू बदलून दिली, तर ती त्याच्या गळ्यात पडते. ‘आधी सेवाकेंद्रात जाऊन या’ या त्याच्या उत्तरामागे हे कारण असते. प्रत्येक वेळी त्यात टाळाटाळच असते असे नव्हे.

टीव्हीच्या बाबतीत याचीच वेगळी आवृत्ती आढळते. पडदा हा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग. तो कारखान्यात तडकला, गुदामात तडकला, टेम्पोत तडकला की घरात, हे मागाहून ठरविणे अशक्यप्राय असते. म्हणून ‘कंपनीचा माणूस आल्याशिवाय पेटी उघडू नये’ अशी ताकीद दिली जाते. ग्राहकास ही नसती औपचारिकता वाटते. वस्तुतः पेटी कोणाच्या साक्षीने उघडली, हाच येथे पुराव्याचा प्रश्न असतो. परत आलेल्या मालाच्या कराचीही व्यवस्था लावावी लागते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात त्यासाठी क्रेडिट नोट काढण्याची सोय आहे. पण लहान दुकानदारास तो कारकुनी व्याप वाटतो. माल हप्त्यांवर घेतलेला असेल, तर कर्ज रद्द करणे, कापला गेलेला हप्ता परत मिळविणे हे सारे तिसऱ्याच संस्थेच्या हाती असते. पैसे परत देण्यापेक्षा वस्तू बदलून देण्याकडे अनेक विक्रेत्यांचा कल का, हे यावरून समजते.

आता ग्राहकाची बाजू. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये, ज्यांचे गुण पाहून कळतात अशा वस्तू आणि ज्यांचे गुण वापरूनच कळतात अशा वस्तू, असा भेद केला. विद्युत्-उपकरणे बव्हंशी दुसऱ्या वर्गात मोडतात. त्याच वर्षी जॉर्ज अॅकरलॉफ यांनी दाखवून दिले की, विक्रेत्यास मालाचा कस ठाऊक आहे आणि ग्राहकास नाही अशा बाजारात निकृष्ट माल उत्कृष्ट मालास हुसकावून लावू शकतो. हमी आणि परतीची सोय ही या अज्ञानावरील उपाययोजना मानली जाते. सँफर्ड ग्रॉसमन यांनी १९८१ मध्ये हमीच्या या माहितीवाहक कार्याचे विवेचन केले. ज्याचा माल वारंवार परत येईल त्यास उदार नियम परवडणार नाही. म्हणून उदार नियम हाच कसाचा पुरावा, असा हा युक्तिवाद. तो सुबक आहे, पण बोईसरच्या दुकानास जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे माल एकाचा, दुकान दुसऱ्याचे. एकाच कंपनीचा एकाच नमुन्याचा टीव्ही शेजारच्या चार दुकानांत मिळत असेल, तर एका दुकानाच्या उदार नियमावरून मालाच्या कसाविषयी काहीच कळत नाही. कळते ते दुकानदाराच्या ऐपतीविषयी.

शिवाय परत येणारा माल सदोषच असतो असेही नाही. अॅक्सेंचर या सल्लागार संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत परत आलेल्या विद्युत्-उपकरणांपैकी सुमारे ५ टक्केच खरोखर सदोष आढळली. ६८ टक्के उपकरणांत कोणताही बिघाड सापडला नाही. ग्राहकाची अपेक्षा वेगळी होती, अथवा वस्तू कशी चालवावी हे त्यास उमगले नव्हते. मोठ्या सामन्यापूर्वी मोठा टीव्ही न्यावयाचा आणि सामना संपल्यावर परत करावयाचा, हा प्रकारही तेथील दुकानांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील कॉस्टको या साखळीने २००७ मध्ये टीव्ही, संगणक आदींसाठी आपली अमर्याद मुदत ९० दिवसांवर आणली. भारतात फ्लिपकार्टने २०१६ मध्ये मोबाईल व तत्सम वस्तूंसाठीची ३० दिवसांची मुदत १० दिवसांवर आणली. फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमेझॉनने मोबाईलबाबत पैसे परत देणे थांबवून केवळ बदलून देण्याचा नियम केला. कॉस्टकोपाशी आणि फ्लिपकार्टपाशी जे बळ आहे, ते स्टेशनरोडवरील दुकानापाशी नाही. त्या बलाढ्य विक्रेत्यांनाही जे परवडले नाही, ते याला परवडावे ही अपेक्षा अवाजवी होय.

परतीच्या नियमाचे मोजमाप दिवसांत करण्याची सवय सर्वांनाच आहे. नारायण जानकीरामन, हॉली सिर्डल आणि रायन फ्रेलिंग यांनी २०१६ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन नियमाची पाच अंगे वेगळी केली : मुदत, परत मिळणारी रक्कम, ग्राहकास पडणारे श्रम, कोणत्या वस्तूंस नियम लागू, आणि रोख की बदली. त्यांचा एक निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. मुदत वाढविल्याने परत येणारा माल वाढत नाही, उलट कमी होतो. हाती राहिलेली वस्तू हळूहळू आपली वाटू लागते. मोबाईलची किंमत महिन्या-महिन्यास उतरते, तेव्हा त्या वस्तूपुरता हा निष्कर्ष जपून वापरला पाहिजे. अधिक महत्त्वाचे अंग श्रमांचे आहे. श्रम कमी केले की खरेदी वाढते, असे त्याच आढाव्यात दिसते. आणि पालघर-बोईसरच्या पट्ट्यात सर्वांत कमी बोलले जाते ते याच अंगाविषयी.

‘सात दिवसांत बदली’ हा नियम वसाहतीतील कर्मचाऱ्यास आणि ठेक्यावरील कामगारास सारखाच दिसतो. पहिल्यास सुट्टीचा दिवस आहे, दुचाकी आहे, सेवाकेंद्राशी बोलावयास भाषा आहे. दुसरा पाळीवर गेला नाही तर त्या दिवसाचा रोज बुडतो. सेवाकेंद्रात एकदा वस्तू दाखवावयाची, दुसऱ्यांदा दाखला आणावयाचा आणि तिसऱ्यांदा दुकानात बदली घ्यावयाची, म्हणजे तीन रोज गेले. मोखाड्याकडील पाड्यावरून टीव्हीची पेटी एसटीतून पालघरला आणणे ही तर स्वतंत्र मोहीमच. अशा ग्राहकाच्या दृष्टीने सात दिवसांची मुदत सत्तर दिवसांची केली तरी फरक पडत नाही. दोष आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे आणि ते ठरवून घेण्यास कोणी कोठे जावयाचे, यात नियमाची खरी कठोरता आहे.

किनारपट्टीवर आणखी एक अडचण आहे. कंपन्यांच्या हमीपत्रांत सामान्यतः काही अपवाद असतात : गंज, पाण्याचा शिरकाव, विजेच्या दाबातील चढउतार. मुरबे किंवा नवापूर येथील घरात खारा वारा आणि पावसाळ्यातील दमट हवा हे अपघात नव्हेत, ती रोजची हवा आहे. सेवाकेंद्रातील तंत्रज्ञाने उपकरण उघडून ‘गंज’ असा शेरा लिहिला की दोष वस्तूचा न राहता घराचा ठरतो. हा शेरा लिहिणारा माणूस कंपनीने नेमलेला असतो. तो खोटा लिहितो असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्याने भरपाई द्यावयाची त्यानेच निवाडाही करावयाचा, ही रचना न्याय्य म्हणता येत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते दुकानदारांस आणि ग्राहकांस सारखेच अपुरे ठाऊक असते. पसंती बदलली म्हणून माल परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्यात नाही. दूरस्थ खरेदीसाठी युरोपीय संघात तो १४ दिवसांचा आहे. सदोष मालाची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार, जो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला, सदोष माल परत घेऊन किंमत परत देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी मुदत पावतीवर लिहिलेली असेल ती, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस. याचा एक गमतीदार परिणाम होतो. पावतीवर काहीच न छापणाऱ्या दुकानदारावर ३० दिवसांची जबाबदारी येते; ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे ठसठशीत छापणाराही कोणतीच मुदत देत नसल्याने त्याच ३० दिवसांत सापडतो, असाच कलमाचा सरळ अर्थ निघतो. ती ओळ छापण्याचा खर्च व्यर्थ होय.

‘कंपनीकडे जा’ हे उत्तर व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने पुरेसे नाही. विक्रीचा करार ग्राहक आणि दुकानदार यांच्यात झालेला असतो. विक्रीयोग्य कसाची गर्भित अट मालविक्री अधिनियमाच्या सोळाव्या कलमाने दुकानदारावरच येते. त्रेचाळिसावे कलम तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. माल नाकारण्याचा अधिकार असलेल्या ग्राहकाने नकार दिला, तर तो माल विक्रेत्याकडे परत पोहोचविण्यास तो बांधील नाही. नकार कळविणे पुरेसे आहे. अर्थात ‘वेगळे ठरले नसल्यास’ ही पुस्ती कलमास जोडलेली आहे, आणि पावतीवरील बारीक अक्षरांतील अटी नेमके तेच ‘वेगळे’ ठरवीत असतात. दूरस्थ विक्रेता परतीचा माल बहुधा दारातून उचलून नेतो, आणि स्टेशनरोडवरील दुकानदार ग्राहकास फेऱ्या घालावयास लावतो, ही विसंगती ग्राहकाच्या आता लक्षात येऊ लागली आहे. स्थानिक दुकानास खरी स्पर्धा किमतीइतकीच या फेऱ्यांची आहे.

येथे एक न्यायाचा भाग दुकानदारांनी स्वतःहून करण्याजोगा आहे आणि त्यास खर्चही फारसा नाही. मुदत पावतीच्या तारखेपासून मोजण्याचा प्रघात आहे. पेटी कंपनीच्या माणसाविना उघडावयाची नाही, आणि तो माणूस चौथ्या दिवशी यावयाचा, तर सात दिवसांतील चार दिवस ग्राहकाने बंद पेटीकडे पाहण्यात घालविलेले असतात. माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानता येत नाही, असे एकेचाळिसावे कलम सांगते. तेव्हा मुदत जोडणीच्या दिवसापासून मोजणे हेच कायद्याच्या आशयाशी सुसंगत होय.

छापील नियमापलीकडे एक अलिखित नियमही असतो, आणि लहान पेठेत तोच अधिक चालतो. ज्या वसाहतीतून वर्षानुवर्षे फ्रीज, पंखे, मोबाईल यांची गिऱ्हाइकी येते, तेथील ग्राहकाची वस्तू बिघडली तर दुकानदार दाखल्याची वाट न पाहता ती स्वतःच सेवाकेंद्रात पाठवितो. प्रसंगी खोटही सोसतो. पुढील दिवाळीचे गिऱ्हाईक त्यास दिसत असते. आठ महिन्यांनी ठेका संपून दुसऱ्या गावी जाणाऱ्या कामगाराबाबत हा हिशेब जमत नाही, म्हणून त्यास छापील नियम अक्षरशः लावला जातो. यात दुष्टावा नसेलही. पुन्हा भेटण्याची शक्यता हेच येथे तारण असते, आणि ते तारण ज्याच्यापाशी नाही त्यास रोखीने घेतलेल्या वस्तूवरही पत मिळत नाही. हा कामगार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. मात्र बारा हजारांच्या मोबाईलसाठी किती रोज बुडवावयाचे, हे त्यास तेथेही ठरवावे लागते.